परदेशी माणसाची सवलत

मागच्या महिन्यात एका रविवारी ताईचा फोन आला. आमच्या फोनवरच्या बोलण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी हवा, मग आईचे गुडघे, मग भाच्याचा अभ्यास, मग "बरं, ठेवते". (हा क्रम मीच पाडून घेतला आहे आणि घरच्यांनी तो बिनतक्रार मान्य केला आहे.) या वेळी ताईने हवा आणि गुडघे दोन्ही गाळले. म्हणाली, "अरे, शाळेत बाईंनी बोलावलं होतं. म्हणतात, याला एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. मुलांत मिसळत नाही, डोळ्यांत बघून बोलत नाही. परवा बाई वर्गावर वैतागून म्हणाल्या, गप्प बसायला काय घ्याल? तर याने हात वर केला आणि सांगितलं, वडापाव. सगळा वर्ग हसला. हा नाही हसला."

मग थोडं थांबून, "तू पण असाच होतास ना रे? मग तूच सांग. दाखवून घेऊ, की मोठा झाला की होईल आपोआप नीट?"

मी म्हटलं, लिहून कळवतो. फोनवर अशा प्रश्नांची उत्तरं मला देता येत नाहीत. समोरचा बोलायचा थांबला की माझी पाळी आली, की त्याने नुसता श्वास घेतला, हे मला आजही नीट ओळखता येत नाही. तर ताईला लिहायला घेतलेलं ते पत्र लांबत लांबत इथवर आलं. तिची परवानगी घेऊनच सगळ्यांसमोर ठेवतो आहे.

मला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, हे कागदोपत्री कळलं तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो. त्याच्या आधी नऊ वर्षं मी इंग्लंडात होतो आणि त्याच्याही आधी साताऱ्यात आणि पुण्यात. आता वाचक विचारतील की एवढं शिकलेल्या माणसाला हे तेहेतीस वर्षं कळलं कसं नाही? त्याचं उत्तर जरा गमतीदार आहे, आणि ताईच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच कुठेतरी आहे, म्हणून ते तपशिलात सांगतो.

लहानपणी मला जी विशेषणं लागली ती अशी: शिष्ट, एककल्ली, माणूसघाणा, आणि परीक्षेचे निकाल लागले की त्या आठवड्यापुरतं हुशार. मी सहा वर्षांचा असताना काका आमच्याकडून निघाले आणि "बरं, येतो" म्हणाले. मी दाराच्या पायरीवर बसून राहिलो. अंधार पडल्यावर आईने विचारलं तेव्हा सांगितलं, काका येणार आहेत ना. सगळे हसले, काकांना पुढे कित्येक वर्षं हा किस्सा पुरला. पण "येतो" म्हणजे "जातो", हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. का सांगावं? ते सगळ्यांना येतं. मराठी मुलाला मराठी शिकवायची असते का?

इंजिनियरिंगला पुण्यात आत्याकडे राहिलो, नारायण पेठेत. पुण्याबद्दल महाराष्ट्रात काय काय बोललं जातं ते मला माहीत आहे, पण माझ्यासाठी ते शहर म्हणजे स्वर्ग होता. कारण तिथे नियम पाटीवर लिहिलेले असायचे! बेल किती वेळा वाजवावी, किती ते किती वाजवू नये, चपला कुठे काढाव्यात, वाहन कुठे लावल्यास हवा सोडली जाईल. लोक त्या पाट्यांचे फोटो काढून हसतात. मी त्या वाचून हुश्श करायचो. साताऱ्यात भर दुपारी कुणाचं दार वाजवलं तर "या या" म्हणून स्वागत व्हायचं आणि मी गेल्यावर आईकडे तक्रार यायची. नारायण पेठेत जे काय आहे ते दारावर. असो.

पीएच.डी.साठी इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये आलो. पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना एका सभागृहात बसवून दोन तास इंग्रजांच्या चालीरीती शिकवल्या आणि शेवटी एक छापील कागद हातात दिला. डावीकडच्या रकान्यात इंग्रज माणूस काय म्हणतो, उजवीकडच्या रकान्यात त्याचा अर्थ काय. "क्वाइट गुड" म्हणजे बेताचंच. "नॉट बॅड" म्हणजे उत्तम. "विथ रिस्पेक्ट" म्हणजे आता आदर संपला आहे. "एकदा जेवायला यायलाच हवं तुम्ही" म्हणजे डायरी काढू नका.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला हे लिहून दिलं होतं. बरोबरच्या मुलांनी तो कागद वाचून, हसून, त्याची विमानं केली. मी तो घडी करून पाकिटात ठेवला आणि पुढे त्याची संगणकावर एक्सेल शीट केली. आज त्या शीटमध्ये तीनशेच्या वर ओळी आहेत. "यू ऑलराइट?" ही ओळ दुसऱ्या महिन्यात घातली, कारण पहिला महिनाभर मी प्रयोगशाळेच्या दारावरच्या सुरक्षारक्षकाला रोज सकाळी माझ्या सायनसची साद्यंत हकिगत सांगत होतो. तो बिचारा ऐकून घ्यायचा. एकदा त्याने मला मेन्थॉलच्या गोळ्यासुद्धा आणून दिल्या.

तरी कागदात नसलेलं काहीतरी रोज समोर यायचंच. माझे गाइड एकदा माझं गणित बघून म्हणाले, "मी हे असं केलं असतं का, याची मला खात्री वाटत नाही." मला वाटलं, बरं, यांना खात्री हवी आहे. रात्रभर बसून चार पानांची सिद्धता लिहिली आणि सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवली, खात्री पटावी म्हणून. "हे चुकलं आहे, परत कर" हा त्या वाक्याचा अर्थ मला आठवड्याने वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने सांगितला. यॉर्कशायरची माणसं इंग्लंडात रोखठोक म्हणून ओळखली जातात, आणि हा गृहस्थ त्यांच्यातही अव्वल. जॉब चुकला की "चुकला" म्हणायचा, कंटाळा आला की "आता जा" म्हणायचा. इतकं सुखाचं संभाषण मी त्याआधी फक्त आत्याशी केलं होतं.

पण मुद्दा हा की गाइड रागावले नाहीत. कुणीच रागवायचं नाही. मी हस्तांदोलन टाळायचो, रोज बारा वाजून दहा मिनिटांनी एकाच बाकावर बसून तोच डबा खायचो, पार्टीतून निरोप न घेता निघून जायचो, आणि माझं सगळं विचित्र वागणं त्यांच्या हिशेबात भारताच्या खात्यावर जमा होत होतं. परदेशी आहे, त्यांच्याकडे अशीच पद्धत असेल! कुणी ना कुणी शांतपणे समजावून सांगायचं, "आमच्याकडे असं करतात." सांगताना आवाजात उपहास नसायचा. साताऱ्यात चोवीस वर्षांत जे मिळालं नाही ते इथे फुकटात मिळालं. मला वाटायला लागलं की माझा प्रश्न मुळात साताऱ्याचा होता.

चौथ्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत नागपूरचा एक मुलगा आला. आठवड्याभरात त्याला सगळ्यांच्या पोरांची नावं, कुत्र्यांची नावं आणि कुणाचं घटस्फोटाचं प्रकरण चालू आहे हे पाठ. भेटेल त्याला मिठी. शुक्रवारी सगळे त्याच्याबरोबर पबमध्ये, सोमवारी सगळे त्याच्या हातची वांग्याची भाजी खायला. मुलगा फार चांगला, माझ्याशीही फार चांगला वागायचा. पण त्याच्या येण्याने भारताचं खातं तपासलं गेलं आणि हिशेब जुळेना. हळूहळू लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. म्हणजे भारतात असं नसतं तर! म्हणजे हा हाच असा आहे!

पुढे नोकरी लागली. (कुठे ते महत्त्वाचं नाही.) तोवर मला या देशात सहा वर्षं झाली होती आणि इंग्रजी स्वच्छ होतं. त्यामुळे समजावून सांगणारे संपले. साहेब म्हणाले, "चौथा भाग एकदा परत बघायला तुला आवडेल कदाचित." मी विचार केला आणि ठरवलं की आवडणार नाही. ग्राहकासमोर वरिष्ठांच्या समीकरणातलं चिन्ह चुकलेलं दिसलं, तिथेच सांगितलं. चिन्ह चुकलेलंच होतं, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. पण आठ महिन्यांनी मूल्यमापनाच्या कागदावर कामाच्या रकान्यात शाबासकी आणि त्याखालच्या रकान्यात "सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही, उद्धट वाटतो, सुधारणा न दिसल्यास नोकरी कायम करता येणार नाही" असं होतं. मी घरी येऊन तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. काय सुधारायचं ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिथून डॉक्टर, डॉक्टरांची प्रश्नावली आणि मग अडीच वर्षांची रांग. शेवटी एका मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर तीन तास बसलो. लहानपणाची माहिती लागते म्हणून आईला फोन लावला, मध्ये दुभाषी. बाईंनी विचारलं, पाहुणे आल्यावर हा काय करायचा? आई म्हणाली, "आत जाऊन बसायचा. मुलं बसतातच की." खेळायचा कशाशी? "एसटीची तिकिटं जमवायचा, नंबराप्रमाणे लावून ठेवायचा. फार शहाणा हो, काही त्रास नाही." आई मला वाचवू पाहत होती आणि तिच्या प्रत्येक वाक्यानिशी बाईंच्या कागदावर एकेक खूण पडत होती.

आता या शब्दाबद्दल थोडं. "ऑटिझम" हा शब्द ऑयगन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक "ऑटोस", म्हणजे स्वतः, यावरून बनवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करताना तो उचलला आणि तो चिकटला. आपण त्याचं भाषांतर "स्वमग्नता" असं केलं. शब्द सुंदर आहे, नदीकाठी बसलेला कवी डोळ्यांसमोर येतो. पण माझ्यापुरता तो साफ उलटा आहे. लग्नाच्या कार्यालयात सनई, मुलांचा आरडाओरडा, पंख्याची घरघर आणि चौघांचं बोलणं एकाच आवाजात कानावर पडत असताना माझं सगळं लक्ष दुसऱ्यांवर असतं. हा हसला का? मी हसायचं का? हात मिळवायचा का, नमस्कार करायचा का, वाकायचं का? स्वतःत मग्न व्हायला फुरसतच कुठे असते! ती घरी आल्यावर, दिवे मालवून दोन दिवस पडून राहिलो की मिळते.

माझ्यासारख्यांसाठी पूर्वी "ॲस्पर्गर" असं वेगळं नाव होतं. हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात केलेलं काम लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये इंग्रजी वाचकांपुढे आणलं, आणि ते नाव रूढ झालं. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या वर्गीकरणातून ते काढून सगळं ऑटिझमच्याच छत्राखाली घेतलं. आणि २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराने कागदपत्रांनिशी दाखवलं की नाझी राजवटीत ॲस्पर्गर यांनी काही मुलांना "आम श्पीगेलग्रुंड" या संस्थेत धाडलं होतं, जिथे "निरुपयोगी" ठरवलेल्या मुलांना मारलं जात असे. हे वाचल्यापासून मला एका गोष्टीची भीती बसली आहे. आमच्या क्षेत्रात हल्ली कौतुकाने म्हणतात, अहो, ऑटिझमवाले म्हणजे इंजिनियरिंगला वरदान, एकाग्रता बघा त्यांची! १९८८ च्या "रेन मॅन" सिनेमापासून लोकांना वाटतं की आम्ही सगळे सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजतो. मला त्या मोजता येत नाहीत. आणि उपयोगी आहे म्हणून जो चालवून घेतला जातो, त्याला निरुपयोगी झाल्यावर काय? जी मुलं बोलत नाहीत, ज्यांना आयुष्यभर कुणाचा तरी हात लागणार आहे, त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार मला नाही. पण माझी बाजू "मी उपयोगी आहे" या खांबावर उभी करून त्यांना उघड्यावर सोडायचं, हे मला मंजूर नाही.

बरं, आम्हाला जमत नाही ते नेमकं काय? रूढ उत्तर असं की आम्हाला दुसऱ्याचं मन कळत नाही. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने (ते स्वतः ऑटिस्टिक आहेत) साधा प्रतिप्रश्न केला: तुम्हाला तरी आमचं कुठे कळतं? न कळणं दोन्हीकडून आहे, मग दोष एकाच्याच माथी का? एडिनबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याचा एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. आपला कानगोष्टींचा खेळच. आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, आणि शेवटपर्यंत किती तपशील टिकतात ते मोजायचं. सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी आणि सगळे इतर असलेली साखळी, दोन्ही सारख्याच चालल्या. मिश्र साखळीत मात्र गळती झाली. मी हा आलेख छापून टेबलासमोर लावला होता.

पण इंजिनियर आहे, तेव्हा पुढचंही सांगायला हवं. त्याच गटाने २०२५ मध्ये तीनशेहून जास्त लोकांवर तोच प्रयोग केला, आणि या वेळी मिश्र साखळीतही गळती दिसली नाही. तिन्ही प्रकार सारखेच. माझ्या लाडक्या आलेखाला तडा गेला. आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की याचा अर्थ आणखीनच विचार करण्यासारखा आहे. आम्ही काय सांगतो ते समोरच्यापर्यंत व्यवस्थित पोचतं. मग अडतं कुठे? त्याचा धागा नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनात सापडतो. ऑटिस्टिक आणि इतर लोकांच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या फिती अनोळखी माणसांना दाखवल्या. ऑटिस्टिक माणसांबद्दलचं मत तेवढ्यातच वाईट झालं; याच्याशी बोलायला नको, शेजारी राहायला नको. मग त्यांचंच बोलणं नुसतं कागदावर लिहून दिलं. फरक नाहीसा झाला! म्हणजे शब्दांत खोट नव्हती. आवाजाची पट्टी, नजर, हातांचं काय करावं ते न कळणं, एवढ्यावर निकाल लागला होता.

परदेशी माणसाला जी सवलत मिळते ती नेमकी इथेच. त्याची पट्टी वेगळी लागली तर ऐकणारा स्वतःलाच सांगतो, थांब, याचा अर्थ आपण समजतो तो नसेल. निकाल दोन मिनिटं पुढे ढकलतो आणि विचारतो. मला चार वर्षं ही दोन मिनिटं मिळाली, आणि त्यात माझं शिक्षण झालं, मित्र झाले, पदवी झाली. मी त्या चार वर्षांत काही कमी विचित्र नव्हतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन मिनिटं पासपोर्ट न बघता द्यावीत.

लोक म्हणतात, मग काय, आम्ही सगळ्यांचंच सगळं चालवून घ्यायचं? ऑटिझम म्हटलं की उद्धटपणा माफ? माझ्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. तो सोमवारी कामावर येणार होता, त्याच्यासाठी मी तीन वाक्यं तयार करून पाठ केली होती. पण तो शुक्रवारीच सुपरमार्केटमध्ये समोर आला. माझी वाक्यं सोमवारची होती. मी त्याच्याशी पावाच्या किमतीबद्दल बोललो आणि निघून आलो. त्याने माझ्याशी पुढे चार महिने बोलणं टाकलं, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माझ्या हेतूत काही नसलं तरी लागायचं ते लागलंच होतं. मी त्याला पत्र लिहिलं, काय झालं ते जसंच्या तसं. मग तो बोलला. अशा वेळी माफी मागायची जबाबदारी माझीच, ती कागदावरच्या निदानाने टळत नाही. पण त्याला पत्र वाचावंसं वाटलं, हेही त्यात होतं.

निदानाचा उपयोग काय झाला, तर २०१० च्या इथल्या समानता कायद्याप्रमाणे मालकाला "वाजवी फेरबदल" करून द्यावे लागतात. मी मागितले ते असे: बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी द्या; काम करायचं असेल तर "कर" म्हणा; चुकलं तर काय चुकलं ते त्याच दिवशी सांगा; आणि बसायला दाराजवळची जागा नको, कोपरा द्या. खर्च शून्य. गंमत म्हणजे विषय आदल्या दिवशी मिळू लागल्यावर बाकीचेही खूश झाले. साहेबांना "कर" म्हणायला मात्र फार जड जातं, तोंड वाकडं होतं त्यांचं, जणू काही शिवी देतायत. नोकरी कायम झाली. सगळ्यांची होत नाही. इथल्या सरकारसाठी रॉबर्ट बकलंड यांनी केलेला अहवाल २०२४ मध्ये आला, त्यानुसार कामाच्या वयाच्या ऑटिस्टिक लोकांत १० पैकी साधारण ३ जणच नोकरीत आहेत. अपंगत्व नसलेल्यांत हेच प्रमाण १० पैकी ८ आहे. मुलाखत नावाचा प्रकार आठवला की मला याचं आश्चर्य वाटत नाही. "स्वतःबद्दल सांगा" हा काय प्रश्न झाला? कुठपासून कुठपर्यंत?

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, दाखवून घे. आपोआप नीट होत नाही, फक्त लपवायला शिकतो माणूस, आणि लपवायला फार ताकद लागते. माझ्या शाळेच्या दिवसांत दाखवून फारसा उपयोगही नव्हता. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत हा नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस आहेत आणि त्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र मिळू शकतं, त्याच्या जोरावर शाळेशी सवलतींचं बोलता येतं. आईंना (तुझ्या सासूबाईंना म्हणतोय) वाटतं की शिक्का बसेल आणि पुढे लग्नाच्या वेळी अडेल. त्यांना सांग, शिक्का बसलेलाच आहे. वडापावच्या दिवशी सगळ्या वर्गाने मारला. डॉक्टरचा निदान बरोबर तरी असेल.

पण डॉक्टरच्या कागदाने बाकीचं होणार नाही, ते घरातच करावं लागेल. माझ्याहून त्याची अवस्था अवघड आहे गं. मला परदेशीपणाचा आडोसा होता. तो स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत, आजी-आजोबांच्या मांडीवर परदेशी आहे. त्याला कुणी कागद देणार नाही, कारण सगळे धरून चालतात की त्याला येतं. त्याला येत नाही. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ बाई स्वतःबद्दल म्हणाल्या होत्या की मंगळावर गेलेल्या मानववंशशास्त्रज्ञासारखं वाटतं. ऑलिव्हर सॅक्स यांनी १९९५ मध्ये आपल्या पुस्तकाला त्यावरूनच नाव दिलं. पण मानववंशशास्त्रज्ञाला निदान गावातला एखादा शहाणा माणूस भेटतो, जो वही घेऊन बसलेल्या या खुळ्याला न हसता सगळं सांगतो. तो माणूस तू हो. "अरे, बाई तशा म्हणाल्या कारण त्या रागावल्या होत्या, त्याचं उत्तर द्यायचं नसतं," एवढंच सांगायचं. आणि तो हसत नाही म्हणून त्याला लागत नाही असं समजू नकोस. पायरीवर बसलेल्या मलाही लागलं होतं.

दिवाळीत मी आलो होतो तेव्हा आम्ही दोघांनी गच्चीवर बसून त्याची शीट सुरू केली, तुला सांगायचं राहिलं. मराठी रकाने. "येतो" म्हणजे जातो. "अजून एक पोळी घे" ला पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा हवी असेल तर घ्यायची. "कितवीत आहेस?" विचारणाऱ्याला तुकडी सांगायची गरज नाही. "काय म्हणतोस?" या प्रश्नाला काहीही म्हणावं लागत नाही. एकोणीस ओळी झाल्या. विसाव्या ओळीला त्याने विचारलं, "मामा, आई 'बघू' म्हणते, म्हणजे किती दिवस?"

मी बराच विचार केला. माझ्या तीनशे ओळींत त्याचं उत्तर नव्हतं. म्हटलं, तुझ्या आईलाच विचारतो. खाली येऊन तुला विचारलं, आठवतंय? तू पोळ्या लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अरे, जेवण होऊ दे, मग बघू."